आठ पडले, राजा उभा

“कैसरला मी रंगवणार नाही,” पप्पा म्हणाले आणि राय पावाचा तुकडा त्यांनी कॉफीत बुडवला. “विषय संपला.”

विषय संपला असं एरहार्ट झास्ट्रो म्हणाले, की झास्ट्रोंच्या घरात विषयाला खरं तोंड फुटतं, हे ऑटिलीला एकोणचाळीस वर्षांत पाठ झालं होतं. तिनं मुकाट्यानं कॉफीची किटली बाजूला सरकवली. तिच्या थोरल्या भावाला, रूडोल्फला, टेबलावर हात आपटायची सवय होती.

त्यानं आपटलाच. “पप्पा, प्रेविट काही विनंती करत नाहीये! जर्मनीशी लढाई जुंपलीय, आणि निष्ठा मंडळाचा अध्यक्ष आहे तो. उद्या थट्टेच्या रविवारी तो येणार, खाली हॉलमध्ये पुढच्या बाकावर बसणार. मधला राजा म्हणजे कैसर हवा, आणि तुम्ही तो सगळ्यांदेखत पाडायला हवा. पाडलात तर सोमवारी परवाना मिळतो. नाहीतर हॉलला कुलूप. साधी गोष्ट आहे.”

“साधी असती तर तू एवढा ओरडला नसतास.”

रूडोल्फनं बायकोकडे पाहिलं. एडिथनं डोळ्यांनीच त्याला खाली बसवलं. ती बॉस्टनकडची, जुन्या इंग्रज घराण्यातली. आवाज कधी चढवायची नाही, आणि म्हणूनच तिचं बोलणं या घरात जास्त लागायचं.

थट्टेचा रविवार हा ईस्टरनंतरचा रविवार. मिलवॉकीत तो फक्त झास्ट्रोंच्या बोलिंग हॉलमध्ये व्हायचा, आणि ऑटिलीच्या जन्माआधीपासून होत आला होता. पप्पा नऊ लाकडी खुंटांवर शहरातली नऊ बडी माणसं रंगवायचे. मग गोळा टाकायचे, आणि जो खुंट पडेल त्याची सगळ्यांसमोर चांगली खरडपट्टी काढायचे. गंमत अशी की ती माणसं स्वतः तिथे बाकावर बसलेली असायची. खरडपट्टी ऐकून घ्यायची, उलट चार शब्द सुनवायची आणि बिअर प्यायची. न रंगवलेला माणूस जास्त चिडायचा. एका वर्षी रस्तेखात्याच्या साहेबाला खुंट मिळाला नाही, तर त्याच्या बायकोनं वर्षभर चर्चमध्ये झास्ट्रोंकडे ढुंकून पाहिलं नाही.

“मी का नाही म्हणतो ते नीट ऐक,” पप्पा म्हणाले. “जो इथे बसून मला उलट उत्तर देऊ शकतो, त्यालाच मी रंगवतो. कैसर इथे येणार आहे का? पाठीमागे कुणालाही शिव्या घालता येतात, त्याला कसली आलीय मर्दुमकी? आणि दुसरं. मला वाटलं तर मी कैसरलाही पाडीन, त्याच्या बापालाही पाडीन. त्याच्याच घराण्याच्या फौजेत जायला नको म्हणून तर माझा बाप अमेरिकेच्या बोटीत बसला. पण हुकमावरून मी कुणाला पाडत नसतो.”

“अहो, रुप्रेख्टच्या दाराला देशद्रोही म्हणून पिवळा रंग फासलाय परवा!” रूडोल्फ म्हणाला. “बिचारा पिपं बनवतो, राजकारणातलं ओ की ठो कळत नाही त्याला. आपल्या दारावर यायला वेळ लागेल का?”

“माझं चुकत असेल तर सांगा,” एडिथ हळूच म्हणाली. “मला तर तुमचा हा खेळच उमगत नाही. अकरा वर्षं झाली लग्नाला. नऊच्या नऊ पाडले तर नऊ गुण, आणि राजाला मध्ये उभा ठेवून भोवतीचे आठ पाडले तर बारा. कमी पाडून जास्त गुण! ही कुठली रीत, पप्पा?”

“जगाची रीत, एडिथ.” पप्पांचा राग जरा उतरला, या प्रश्नावर तो नेहमी उतरायचा. “लढाईत प्रजा आडवी होते, राजा जागच्या जागी. ज्यानं हा खेळ काढला त्याला अक्कल होती बघ. पण तो फटका साधतो कुणाला? मला आयुष्यात दोनदा. दुसऱ्यांदा साधला तेव्हा हा तुझा नवरा पाच दिवसांचा होता. तो बारा आकडा मी आठवडाभर फळ्यावरून पुसू दिला नव्हता.”

“म्हणून म्हणते, दहा खुंटांचा खेळ बरा. सरळ हिशेब. सगळं शहर तोच खेळतं.”

हा रूडोल्फ आणि एडिथचा जुना धोशा. गोळा टाकायची नऊ खुंटांची पट्टी उखडायची, दहाची घालायची, दारावर ‘झास्ट्रो’ काढून ‘लिबर्टी’ लिहायचं. आंबवलेल्या कोबीचं जर्मन नाव नको म्हणून एडिथ आताशा त्याला स्वातंत्र्य-कोबी म्हणायला लागली होती, आणि पप्पा मुद्दाम तिच्याकडून तो दोनदा मागून घ्यायचे. “सूनबाई, जरा स्वातंत्र्य वाढ. आंबट झालंय का बघ.”

एडिथ वाढायची, पण हसायची नाही.

*

दुपारी ऑटिली खाली गेली. हॉल रिकामा होता. खिडकीत निळ्या ताऱ्याचं निशाण लटकत होतं. घरातला मुलगा लढाईवर गेला की ते लावायचं. शेंडेफळ कास्पर फ्रान्समध्ये होता, अमेरिकेच्या गणवेशात, आणि समोरच्या खंदकात कदाचित त्याचीच चुलत भावंडं होती. या गोष्टीवर घरात कुणी बोलायचं नाही.

पप्पा पट्टीच्या टोकाशी, खुंट मांडायच्या खड्ड्याजवळ बसले होते. समोर नऊ कोरे खुंट.

“पाठवलं त्यांनी तुला?”

“मला कुणी पाठवलं नाही.”

“मग पाडायला सांगायला नाही आलीस?”

“आलेय,” ती म्हणाली.

पप्पांनी मान वर केली नाही. “तूसुद्धा त्यांच्यात गेलीस, टिली.”

हे तिला लागलं, फार लागलं. गेल्या वर्षापर्यंत ती शाळेत जर्मन शिकवायची. मग एके दिवशी तो विषयच बंद झाला. वर्गातली पुस्तकं कुठे नेली ते तिनं विचारलं नाही, कारण धूर तिला घरातूनही दिसला होता. त्या दिवसापासून तिच्या हातात एकच खडू उरला होता, या हॉलमधला. गुणांचा फळा ती लिहायची.

“मी कुणात गेले नाही, पप्पा,” ती म्हणाली, आणि आवाज कापू नये म्हणून जरा जोरातच म्हणाली. “माझी शाळा गेली. आता हा हॉलही गेला तर मी सकाळी उठून जाऊ कुठे? एडिथच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलू? तुमचं तत्त्व मोठं आहे, मला मान्य आहे. पण मला हा हॉल हवाय. आणि कास्पर परत येईल तेव्हा त्यालाही घराच्या दाराला पिवळा रंग दिसायला नको.”

पप्पांनी एक कोरा खुंट उचलून मांडीवर घेतला. मग त्यांनी हात पुढे केला. “काळा रंग दे. मिशीला लागेल.”

तिला रडूच आलं.

“रडतेस काय? ऐक. मी टाकीन तो गोळा खरा टाकीन, नाटकी टाकणार नाही. आणि तू फळ्यावर जे होईल तेच लिहायचं. पडला तर पडला, राहिला तर राहिला. या घराचा फळा कधी खोटं बोललेला नाही.”

“नाही बोलणार,” ती म्हणाली.

*

रविवारी दुपारी हॉल गच्च भरला. पण दरवर्षीचा कलकलाट नव्हता. जुनी मंडळी आपापल्या बाकांवर, चर्चमध्ये बसावं तशी बसली होती. बिअर होती, हेरिंग मासे होते, मोहरी लावलेली सॉसेजेस होती, आणि सगळं तोंडात घोळत होतं. जर्मन शब्द चुकून तोंडातून गेला की बोलणारा खोकायचा.

प्रेविट वेळेवर आला. बारीक अंगाचा, स्वच्छ कॉलरचा, फार सभ्य माणूस. दरवेळी कृपया म्हणायचा. दोन वर्षांपूर्वीच पूर्वेकडून इथे आला होता, विम्याचं काम करायचा. त्याच्याबरोबर कोटावर बिल्ले लावलेले दोघे होते. त्याच्या शेजारी नगरसेवक केरिगन बसला, आयरिश, लालबुंद, दरवर्षी इथे पडायला येणारा.

रूडोल्फनं खुंटांवरचं फडकं काढलं. खुंट मांडायचं काम आज त्यानं स्वतःकडे घेतलं होतं. दुसऱ्या कुणावर त्याचा भरवसा नव्हता.

मधला राजा कैसर होता, यात शंका नव्हती. वर वळलेल्या मिशा, टोकदार शिरस्त्राण. भोवती त्याचे आठ सेनापती. पण बाकांवर कुठेतरी फिस्सकन हसू फुटलं आणि ऑटिली पुढे होऊन बघायला लागली. आठही सेनापतींचे चेहरे ओळखीचे होते. पप्पांनी जन्मभर मिलवॉकीचे नगरसेवक रंगवले होते; हाताला दुसरे चेहरे येतच नव्हते. पाणीखात्याचा साहेब शिरस्त्राण घालून उभा होता. डावीकडचा जाडजूड सेनापती तर डिट्टो केरिगन.

“अरे, मी जर्मन सेनापती?” केरिगन पुटपुटला. “माझी आई थडग्यातून उठेल!”

“काय म्हणालात?” प्रेविटनं विचारलं.

“काही नाही. रंगकाम छान आहे म्हणालो.”

प्रेविटनं खुंट नीट न्याहाळले आणि मान डोलावली. शहरात नवा होता, म्हणून बचावले.

पप्पांनी कोट उतरवला, बाह्या दुमडल्या. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पण गोळा हातात आला की पाठ ताठ व्हायची. ऑटिली फळ्याशी खडू धरून उभी होती. पाड, पाड, पाड त्याला, एवढंच ती मनात म्हणत होती. देवाचं नाव घ्यायचंही तिला सुचलं नाही.

पप्पांनी वाकून गोळा सोडला.

गोळा पट्टीवरून नुसता घरंगळत गेल्यासारखा गेला, अजिबात घाई नाही. पुढच्या खुंटाच्या उजव्या गालाला लागला. तो पडताना शेजाऱ्याला घेऊन पडला, शेजारी मागच्यावर, केरिगन पाणीखात्यावर. लाकडं खडखडत गोल फिरली. राजाला धक्का लागला, तो स्वतःभोवती गिरकी घेत डुलला, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि उभा राहिला.

आठ आडवे. मध्ये एकटा कैसर, मिशा वर करून.

आणि मग जे झालं त्याला कुणाचाच इलाज नव्हता. असा फटका माणसाला जन्मात एकदा बघायला मिळतो, आणि तो दिसला की काय करायचं हे या माणसांच्या रक्तातच होतं. म्हातारा रुप्रेख्ट, ज्याच्या दारावरचा पिवळा रंग अजून निघाला नव्हता, ताडकन उठला आणि पेला उंचावून ओरडला, “राजा उभा!”

“राजा उभा!” सगळा हॉल उठला. पेले वर गेले, टोप्या उडाल्या, बाकं मागे पडली. “राजा उभा! एरहार्टचा राजा उभा!” जर्मनमध्ये, पोट भरून, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा खोकल्याशिवाय.

ऑटिलीचा हातही वर गेला होता. तीही ओरडली होती. आपणच ओरडलो हे तिला आपला आवाज ऐकल्यावर कळलं.

मग कुणीतरी प्रेविटकडे पाहिलं.

आरडाओरडा एका दमात थांबला नाही. बाकाबाकानं थांबत गेला. शेवटी फक्त रुप्रेख्टचा पेला वर राहिला, आणि त्याला तो खाली कसा घ्यावा ते सुचेना.

प्रेविट उभा राहिला होता. चेहरा पांढराफटक. “कृपया मला कुणी सांगेल का,” तो म्हणाला, “कैसर उभा राहिला म्हणून या हॉलमध्ये जल्लोष का झाला?”

खड्ड्याजवळ रूडोल्फचं तोंड उघडं पडलं होतं. ऑटिलीला वाटलं, गेलं, सगळं गेलं.

“जल्लोष?” एडिथ म्हणाली.

ती सॉसेजची परात घेऊन उभी होती. तिनं ती शांतपणे ठेवली, हात पुसले. “मिस्टर प्रेविट, तुम्हाला तो जल्लोष वाटला? ती हुर्यो होती. या खेळात राजा राहिला की टाकणाऱ्याची अशीच टर उडवतात. म्हातारपण झालं, नेम चुकला. सासरे आहेत माझे, मला सांगायला लाज वाटते.”

अकरा वर्षं ऑटिली या बाईला परकी म्हणत आली होती. आत्ता तिला वाटलं, धावत जाऊन हिच्या गळ्यात पडावं.

एडिथची इंग्रजी चर्चच्या घंटेसारखी स्वच्छ. प्रेविट घुटमळला. “हुर्यो,” तो म्हणाला आणि केरिगनकडे वळला. “तुम्ही दरवर्षी येता. हे खरं?”

केरिगननं पेल्यात पाहिलं. “मला खेळातलं काय कळतं, साहेब? मी इथे पडायला येतो. आठातला एक पडलो, माझं काम झालं.”

“मग गुण किती?” प्रेविट आता फळ्याकडे बघत होता, म्हणजे ऑटिलीकडे. “बाईंनी काहीच लिहिलेलं नाही.”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. पप्पाही. त्यांच्या चेहऱ्यावर अजून तो फटका होता, लहान मुलाच्या चेहऱ्यावर राहतो तसा आनंद राहिला होता. आयुष्यातला तिसरा. या वयात चौथा कुठून होणार?

बारा. एवढंच लिहायचं होतं. एक आणि दोन.

तिनं पप्पांकडे पाहिलं नाही. वळली आणि झास्ट्रोंच्या नावापुढे शून्य काढलं. खडू मध्येच मोडला. उरलेला अर्धा गोल तिनं तुकड्यानं पुरा केला.

मागे कुणीतरी श्वास सोडला. जुन्या मंडळींतलं कुणीच फळ्याकडे बघेना. प्रेविटनं तेवढं पाहिलं, आणि त्याला ते पुरलं नाही. “मिस्टर झास्ट्रो,” तो म्हणाला, “मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. कृपया. तुमचा नेम चुकला?”

पप्पांनी फळा पाहिला, शून्य पाहिलं. मग खिडकीतला निळा तारा पाहिला. ऑटिली मनात म्हणाली, पप्पा, हा हॉल. पप्पा, कास्पर. आणि त्याच वेळी तिला वाटत होतं, म्हणू नका, काही झालं तरी म्हणू नका.

“चुकला,” पप्पा इंग्रजीत म्हणाले.

“मग पुन्हा टाका.”

रूडोल्फनं खुंट मांडले. घाईत त्याच्या हातून केरिगन दोनदा आडवा झाला. पप्पांनी गोळा उचलला आणि सरळ फेकला, कुणीही फेकेल तसा. नऊच्या नऊ पडले. बिल्लेवाल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या, मग प्रेविटनं, मग बाकीच्यांनी. ऑटिलीनं शून्याखाली नऊ लिहिलं.

“छान,” प्रेविट म्हणाला. खरंच सुटल्यासारखा दिसला. माणूस दुष्ट नव्हता, भित्रा होता. “मी ऐकलंय, पडलेल्याला तुम्ही दोन शब्द सुनावता. कैसरला सुनवा की.”

पप्पांनी बाह्या खाली केल्या, बटणं लावली.

“इतकी वर्षं मी इथे माणसं रंगवली,” ते सावकाश म्हणाले. “जो पडायचा तो समोर बसलेला असायचा. हसायचा, मला शिव्या द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटायचा. आज पहिल्यांदा असं झालं. ज्याला रंगवलं तो इथे नाही. आणि इथे जो पडला, त्याला कुणी रंगवलेलं नाही.”

प्रेविट वाट बघत राहिला, पुढे काही विनोद येईल म्हणून. मग हसला. “उत्तम,” म्हणाला. “सोमवारी या परवान्याला.”

एकटा केरिगन हसला नाही. त्यानं टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

*

संध्याकाळी सगळे गेल्यावर एडिथ पेले धूत होती आणि ऑटिली पुसत होती. एका वेळी एकाच पेल्याला दोघींचा हात लागला तेव्हा एडिथनं तिचा हात क्षणभर धरून ठेवला.

पप्पा फळ्यासमोर उभे होते.

“पुसू का?” ऑटिलीनं विचारलं. मग राहवेना म्हणून म्हणाली, “पप्पा, आता कुणी नाहीये. मी बारा लिहिते. आत्ता लिहिते.”

“नको.”

“तुम्ही मुद्दाम टाकलात तसा?”

“मुद्दाम टाकता आला असता तर आयुष्यात तीनदाच कशाला टाकला असता? हाताला कोण सांगणार, आज नको म्हणून.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “मी तुझ्यावर रागावलो नाही, टिली. फळा मी लिहीत असतो तर मीही तेच केलं असतं. म्हणूनच वाईट वाटतं.”

ती रडायला लागली. पप्पांनी हात काढला नाही.

“रूडोल्फ!” त्यांनी पट्टीच्या टोकाकडे पाहून हाक मारली. “उद्या परवाना आणायला जाशील तेव्हा सुताराला सांगून ये. नऊची पट्टी उखडून टाक. दहाची घाल. त्यात राजा मध्ये उभा ठेवायचा नसतो, सगळेच पाडायचे असतात. या दिवसांत तेच बरं.”

“कुठे गेला हा?” पप्पा म्हणाले. “इतकी वर्षं डोकं खाल्लं माझं, आता मिळतंय तर बोलत नाही.”

ऑटिली डोळे पुसत पट्टीवरून पुढे गेली. खड्ड्याच्या काठावर रूडोल्फ बसला होता, पाय आत सोडून, मांडीवर तो राजाचा खुंट घेऊन. बाहीनं कैसरची मिशी घासून घासून काढत होता. रंग निघाला होता आणि खालचं जुनं लाकूड दिसत होतं.

“माझ्या जन्माच्या वेळी हाच उभा राहिला होता ना गं?” त्यानं विचारलं, आणि बहिणीसमोर, एवढा पंचेचाळीस वर्षांचा माणूस, हमसून हमसून रडायला लागला.